एक व्यसन सोडण्यासाठीं दुसरें धरावें काय?

रेवदंड्याच्या बाजूस काम करणाऱ्या एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या शेजारीं एक वृद्ध तांडेल राहतात. चाळीस वर्षें होडीवर रात्री काढतांना त्यांस विडीची संवय जडली. आतां थोडा चढ लागतांच त्यांस धाप लागते, आणि पहांटेचा खोकला सारें घर जागें करितो. त्यांचा पुतण्या मुंबईस नोकरीला आहे. त्यानें सुट्टींत येतांना लेखणीएवढी एक विजेची नळी आणिली आणि सांगितलें कीं, हिची वाफ ओढा म्हणजे विडी सुटेल. तांडेलांनीं उपदेशकांस विचारिलें, “मास्तर, ह्यानें विडी सुटत असेल तर घेऊं काय?” मास्तरांस उत्तर सुचेना, म्हणून त्यांनीं तो प्रश्न आम्हांकडे धाडिला.

प्रश्न एका म्हाताऱ्याचा दिसतो, परंतु त्यांत सर्वांचाच प्रश्न आहे. मोठें वाईट टाकण्याकरितां लहान वाईट जवळ करावें काय?

पत्र वाचतांच आमच्या तोंडून “नको” असाच शब्द निघाला, हें आम्ही कबूल करितों. व्यसन तें व्यसन, त्यांत लहानमोठें काय पाहावयाचें, असें आम्हांस वाटलें. पण मग मनांत आलें कीं, आमच्या शब्दावरून त्या गृहस्थांनीं नळी टाकिली आणि विडी तशीच चालू ठेविली, तर आमच्या सोंवळेपणाची किंमत त्यांच्या फुप्फुसांस द्यावी लागेल. नाहीं म्हणणाऱ्यास कांहीं पडत नाहीं. ज्यास खोकला आहे त्यास पडतें. म्हणून घाईनें निकाल न देतां प्रथम वस्तुस्थिति पाहूं.

विडींत दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखिल्या पाहिजेत. तंबाखूंतील निकोटिन हें द्रव्य माणसास ओढ लावितें. पण कर्करोग, दमा व हृदयविकार हीं मुख्यतः जळत्या पानाच्या धुरांतून येतात, कारण त्या धुरांत डांबर, कार्बन मोनॉक्साइड व इतर विषें असतात. बांधून ठेवणारा एक आणि मारणारे दुसरे, असा हा प्रकार आहे. 2003 सालच्या सुमारास हॉन लिक नांवाच्या चिनी औषधतज्ज्ञानें हा भेद ध्यानांत घेऊन विजेची सिगारेट सिद्ध केली. तींत कांहीं जळत नाहीं. निकोटिन, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल व सुगंधी द्रव्यें ह्यांचें पाणी तापून त्याची वाफ होते, व ती ओढावयाची असते.

हिच्यानें धूम्रपान सुटतें काय? कांहींचें सुटतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत 886 धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला व तो 2019 सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्यांस ही नळी दिली आणि अर्ध्यांस निकोटिनचे च्युइंगम, पट्ट्या इत्यादि औषधें दिलीं. वर्षअखेर नळीवाल्यांपैकीं शेंकडा 18 जणांचें धूम्रपान सुटलें होतें, तर औषधवाल्यांपैकीं शेंकडा 9.9 जणांचें. त्या देशाचें आरोग्यखातें सिगारेट ओढणाऱ्यांस सिगारेटीऐवजीं ही नळी घेण्याचा सल्ला देतें, तो अशाच पुराव्यावरून.

परंतु त्याच प्रयोगांतील दुसरा आंकडा आम्हांस अधिक विचार करावयास लावितो. ज्यांचें धूम्रपान सुटलें, त्यांपैकीं नळी घेतलेल्यांत शेंकडा 80 जण वर्षानंतरही नळी ओढीतच होते. औषधें घेतलेल्यांत मात्र शेंकडा 9 जणच औषध वापरीत होते. म्हणजे नळीनें अधिक लोक धुरांतून सोडविले, पण सोडविलेल्यांपैकीं बहुतेकांस आपल्यापाशींच ठेवून घेतलें.

आमच्या किनाऱ्यावरील लोकांस हें समजावयास कठीण नाहीं. रेवसहून करंजास जाणारा मनुष्य तरींत बसतो. खाडी पोहून जाण्यापेक्षां तें शहाणपणाचें आहे, आणि तरींत बसणाऱ्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं. पण करंजाचा धक्का आला असतांही जो उतरत नाहीं, व तरींतच चूल मांडितो, त्यास काय म्हणावें? तो बुडाला नाहीं हें खरें. परंतु तो पोहोंचलाही नाहीं. साधनाचें बरेंवाईट केवळ त्या साधनांत नसतें. तें आपणांस कोठें उतरवितें आणि आपण तेथें उतरतों कीं नाहीं, ह्यांतही असतें.

आतां कायद्याकडे पाहूं. भारतांत 18 सप्टेंबर 2019 रोजीं वटहुकुमानें व त्याच वर्षाच्या अखेरीस कायद्यानें विजेच्या सिगारेटीचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात ह्यांस बंदी झाली. सांठ्याखेरीज इतर गोष्टींबद्दल पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ह्यावर कोणी म्हणेल कीं, विडी गल्लोगल्लीं विकूं द्यावयाची आणि तिच्याहून कमी घातक वस्तु मात्र बंद करावयाची, हा कोठला न्याय? हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु कायदा करणाऱ्यास एका तांडेलाकडे पाहून चालत नाहीं. त्यास शाळेंतील मुलांकडेही पाहावें लागतें. 2016-17 च्या पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत धूम्रपान करणारे प्रौढ शेंकडा 3.8 होते, तर तंबाखू चघळणारे, घासणारे इत्यादि शेंकडा 24.4 होते. नळीनें ज्यांचा लाभ व्हावयाचा ते थोडे. गोड वासाला भुलून जीं नव्यानें लागावयाचीं तीं लेंकरें पुष्कळ. वाढत्या मेंदूस निकोटिन विशेष बाधतें, हें तर ठाऊकच आहे.

शिवाय बंदी असलेली वस्तु चोरट्या वाटेनें येते, व तींत काय भरिलें आहे ह्याची हमी कोणी देत नाहीं. 2019 सालीं अमेरिकेंत अशा नळ्यांमुळें फुप्फुसांच्या विकाराची सांथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 लोक इस्पितळांत गेले अथवा मरण पावले. त्यांपैकीं मृत 68. बहुतेकांनीं गांजाच्या अर्काच्या नळ्या ओढल्या होत्या, व त्यांत मिसळलेलें व्हिटॅमिन ई ॲसिटेट हें तेलकट द्रव्य मुख्यतः घातक ठरलें. पुतण्याच्या प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती नळींतील पाण्याविषयीं.

म्हणून तांडेलांस आमचें उत्तर असें: साधन घ्या, पण हें नव्हे. निकोटिनचें च्युइंगम औषधाच्या दुकानांत मिळतें. डॉक्टरांस विचारून तें घ्यावें आणि सांगितल्याप्रमाणें हळूहळू कमी करावें. 1800-11-2356 ह्या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पहिले कांहीं दिवस फार कठीण जातात. पुढें दोन ते चार आठवड्यांत तगमग उतरूं लागते. वर्षभर धूर टाळिला तर हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारें निम्मा होतो. चाळीस वर्षांनंतर सोडून काय उपयोग, असें म्हणणाऱ्यास हेंच उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींकरितां. विडी ओढणें लज्जेचें, पण तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दांतांस लावणें निर्दोष, असें पुष्कळ घरांत मानितात. ही देखील वाईटाच्या जागीं बसविलेली दुसरी वाईट वस्तुच होय. मुंबईंतील 1,217 गरोदर स्त्रियांची पाहणी 2004 सालीं प्रसिद्ध झाली. तींत मिश्री किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं बालकें जन्मतः सरासरी 105 ग्रॅम हलकीं भरलीं. धूर दिसत नाहीं म्हणून अग्नि नाहीं असें नव्हे. पुरुषाच्या विडीस नांवें ठेवितांना आपल्या कोनाड्यांतील डबी विसरूं नये.

उपदेशक बंधूंस शेवटीं इतकेंच सांगतों. व्यसनी माणसास उपदेशापेक्षां सोबत अधिक लागते. ज्या संध्याकाळीं तांडेलांचा हात खिशाकडे जाईल, त्या संध्याकाळीं आपण त्यांच्या ओटीवर जाऊन बसावें. ते चुकून एक विडी ओढले तर “आतां सारें संपलें” असें म्हणूं नये. दुसऱ्या दिवशीं पुनः जावें. देवानें दिलेलें शरीर आपल्या मालकीचें नसून आपल्या स्वाधीन केलेलें आहे, असें आपण मानितों. तर शेजाऱ्याचेंही शरीर कांहीं अंशीं आपल्या स्वाधीन आहे. खाडी त्यांची त्यांनींच ओलांडावयाची आहे. पण पलीकडच्या धक्क्यावर हात पुढें करून उभें राहणें आपल्याकडे आहे.