व्रत यजमानाचे, पंगत पाहुण्यांची

पाहुण्याला काय वाढावे, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे. पण थोडे खोल उतरून पाहिले, तर तो नीतीचाही प्रश्न ठरतो. यजमान शाकाहारी, पाहुणे मांसाहारी आणि दिवस नाताळचा असेल, तर एकाच ताटात दोन कर्तव्ये समोरासमोर येतात. एक, स्वतःच्या विवेकबुद्धीशी प्रामाणिक राहण्याचे. दुसरे, घरी आलेल्याचे मन न मोडण्याचे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. येथील कॅथलिक घरे थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे नाताळच्या पाहुण्यांत सग्यासोयऱ्यांच्या बरोबरीने शेजारी, कार्यालयातील सहकारी आणि मुलांचे मित्रही असतात. कुणी माळकरी आजोळच्या संस्कारामुळे, कुणी प्रकृतीच्या कारणाने, तर कुणी मुक्या जिवांच्या कणवेपोटी मांस सोडलेले असते. पाहुण्यांच्या मनात मात्र नाताळ आणि मटणाचा रस्सा यांची गाठ पक्की बसलेली असते. केक आणि करंज्या झाल्या, की ते रश्श्याची वाट पाहू लागतात. अशा वेळी ‘आमच्याकडे काही सामिष नसते’ हे वाक्य उच्चारताना यजमानालाच ओशाळल्यासारखे होते.

हा संकोच अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पवित्र शास्त्रातील आदरातिथ्याच्या कथा सामिष आहेत. मम्रेच्या वृक्षांखाली आलेल्या तिघा अनोळखी पाहुण्यांसाठी अब्राहामाने कोवळे वासरू रांधविले. उधळ्या पुत्राच्या पित्याने पुष्ट वासरू कापण्याची आज्ञा केली. सर्वांत मोठा आधार तर असिसीकर संत फ्रान्सिस यांचा. चेलानोच्या थॉमस यांनी लिहिलेल्या त्यांच्या दुसऱ्या चरित्रात एक प्रसंग आहे. नाताळ शुक्रवारी आला होता, आणि एका बंधूने मांस वर्ज्य करण्याची गोष्ट काढली. त्यावर फ्रान्सिस उसळून म्हणाले, की या दिवशी घराच्या भिंतींनीसुद्धा मांस खावे, आणि त्यांना खाता येत नसेल, तर निदान बाहेरून ते चोपडावे! आजही शुक्रवारी महासण आला, तर मांसवर्ज्याचा नियम त्या दिवसापुरता लागू होत नाही, असे १९८३ च्या धर्मसभेच्या कायदेसंहितेत म्हटले आहे. मग नाताळच्या दिवशी शाकाहारी पंगत मांडणारा यजमान आनंदावर विरजण घालतो काय?

त्याच चरित्रात पुढे काय आहे, तेही वाचले पाहिजे. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा अधिक चारा मिळावा, पाखरांसाठी, विशेषतः चंडोलांसाठी, रस्त्यांवर धान्य पसरावे, अशी फ्रान्सिस यांची इच्छा होती. त्यांचा आग्रह मांसापुरता नव्हता. त्या दिवशी कुणीही आनंदाच्या बाहेर राहू नये, हा होता. त्यांच्या काळी गरिबाच्या ताटात मांस पडे ते सणावारीच, म्हणून मांस ही सणाची खूण होती. ज्या घरी आज दर रविवारी कोंबडी शिजते, तेथे नाताळची खूण निराळी शोधावी लागेल. ती खूण म्हणजे यजमानाने त्या दिवसासाठी मुद्दाम काढलेला वेळ आणि घेतलेले कष्ट.

शिवाय निरामिष पंगत आणि नाताळ यांचे वैर आहे असेही नाही. १९१७ च्या कायदेसंहितेनुसार नाताळच्या आदल्या दिवशी उपवास आणि मांसवर्ज्य दोन्ही पाळावयाचे असत; १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम बदलले, तेव्हा ते बंधन उरले नाही. पोलंडमध्ये मात्र नाताळच्या पूर्वसंध्येचे जेवण, ‘विगिलिया’, आजही परंपरेने मांसाविना होते. आकाशात पहिली चांदणी दिसली, की कुटुंब मेजाभोवती बसते. मासे असतात, मांस नसते. पदार्थ मात्र बारा. वर्षातील सर्वांत थाटाचे जेवण ते हेच. आणि त्या मेजावर एक जागा अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी रिकामी ठेवलेली असते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, ते याच परंपरेतले लोक. मांस वर्ज्य असूनही जेवण थाटाचे आणि पाहुण्याची वाट पाहणारे असू शकते, याला याहून बोलका दाखला कोणता?

येथवर प्रश्न सोपा वाटतो. पण आपल्या देशात, आणि मराठवाड्यात विशेष करून, शाकाहाराला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. येथे ताटावरून माणसाची जात ओळखली गेली आणि ताटावरूनच त्याला पंगतीबाहेर बसविले गेले. महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या समाजात कुणाचे अन्न ब्रह्म ठरले आणि कुणाचे ठरले नाही, हा प्रश्न त्या नावातच आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांच्या पूर्वजांनी हा अपमान सोसला आहे. अशा घरातून आलेल्या पाहुण्यासमोर निरामिष ताट ठेवताना ‘आम्ही आता शुद्ध झालो’ असा सूर चुकूनही निघाला, तर ते ताट म्हणजे जुन्याच जखमेवर मीठ होय.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही याचा धडा आहे. मदुराईला १६०६ साली आलेल्या रॉबर्ट दे नोबिली यांनी संन्याशाची वस्त्रे आणि शाकाहार स्वीकारला. उच्चवर्णीयांपर्यंत पोहोचण्याची त्यांची तळमळ खरी होती. पण तेवढ्यासाठी तेथील कनिष्ठ मानल्या गेलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून त्यांना दूर राहावे लागले. पुढे १९५० साली कावेरीकाठी स्थापन झालेल्या शांतिवनम् आश्रमातही जेवण शाकाहारीच. तेथे मात्र ते साधेपणाची आणि सर्वांच्या स्वागताची खूण झाले. पदार्थ तेच, एके ठिकाणी त्यांची भिंत झाली, दुसऱ्या ठिकाणी दार. तेव्हा पाहावयाचे ते हे, की आपल्या ताटाने कुणाला आत घेतले आणि कुणाला बाहेर ठेवले.

संत पौलांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच वाद हाताळला आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असा त्यांचा निवाडा आहे. लूककृत शुभवर्तमानात प्रभू येशूने शिष्यांना सांगितले, की ज्या घरी जाल तेथे पुढे वाढलेले खा. हे पाहुण्याचे कर्तव्य झाले. परंतु यजमानाने पाहुण्याच्या कर्तव्यावर विसंबून राहू नये. व्रत यजमानाचे आहे. पाहुण्याला त्याचा उपास घडता कामा नये. मांस न वाढण्याचा अधिकार यजमानाला आहे, पण त्याबरोबर एक ऋणही येते. जे तो वाढणार नाही, त्याची भरपाई त्याने कष्टाने, चवीने आणि मुबलकतेने करावयाची असते. नुसते वरण, भात आणि बटाट्याची भाजी पुढे ठेवून तत्त्वाचा हवाला देणे हा कंजूषपणा आहे, मग त्याला नाव कोणतेही द्या.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘मांसाहारी’ हा काही एकसंध वर्ग नाही. मुसलमान मित्राला मांस हलाल हवे. कुणाला डुकराचे वर्ज्य, कुणाला गोमांस. कुणाचा नेमका तो वार असतो. ज्या शहरात तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व जातिधर्मांची माणसे लोटतात, तेथे सर्वांना एकाच पातेल्यातून वाढता येणे ही लहान गोष्ट नव्हे. वेगळ्या चुली आणि वेगळी भांडी यांनी शिणलेल्या समाजात एक पातेले हीच एक शुभवार्ता आहे.

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. मराठवाड्याला निरामिष मेजवानी उसनी आणावी लागत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिवकडे आणि परभणीच्या दक्षिण भागातही शेतकरी वेळ अमावास्या, म्हणजेच ‘येळवस’, साजरी करतात. कडब्याच्या खोपीपुढे शेतातच पंगत बसते. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील. एरवी मटणावाचून ज्यांचा घास उतरत नाही, असे लोक या जेवणाच्या आमंत्रणाची वाट पाहतात. २००० साली तर ही अमावास्या नेमकी २५ डिसेंबरलाच आली होती. नाताळच्या मेजावर भज्जीचे पातेले ठेवणाऱ्या यजमानाला कुणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.

मटणाच्या जेवणात माणसाला नेमके काय आवडते, याचाही शांतपणे विचार करावा. त्यात मोठा वाटा असतो तो भाजलेल्या कांदाखोबऱ्याचा, दगडफुलाच्या वासाच्या काळ्या मसाल्याचा, वर तरंगणाऱ्या तर्रीचा, धुराचा आणि दाताखाली लागणाऱ्या घट्टपणाचा. हे सारे शाकाहारी चुलीवर साधते. पाटवडीचा झणझणीत रस्सा करावा. वडी घट्ट थापावी, रस्सा आदल्या रात्रीच करून मुरू द्यावा. पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या निखाऱ्यावर वांगी भाजावीत. त्या धुराची सर गॅसच्या शेगडीला नाही. सोबत येसराची आमटी, कारळाची आणि जवसाची चटणी, आणि ज्वारीची गरम भाकरी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी मोती’ हा वाण मिळाला तर उत्तमच. लवकर पेरलेल्या ज्वारीचा हुरडा हाती आला असेल, तर पाहुण्यांना तोच आधी द्यावा. एक पथ्य मात्र पाळावे. सोयाबीनच्या वड्यांना मटण म्हणून खपवू नये. जुन्नरकडच्या मासवडीने माशाचा आकार घेतला आणि नावही घेतले, पण ती कुणाला फसवीत नाही. बेसन, तीळ आणि खोबरे हीच आपली ओळख ती मिरविते. पाहुण्याशी सत्याने वागणे हाही पाहुणचारच आहे.

वाचकहो, शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. असे जेवण करायचे, तर शेंगा सोलणे, निवडणे, भाजणे, वाटणे यांत दोन दिवस जातात. ते दिवस कुणाचे? पुष्कळ घरांत तत्त्व पुरुषाचे असते आणि पाटावरवंटा बाईचा. मिस्सेला सारे घर जाते, पण गायनाचा शेवट ऐकण्याआधी घाईने घरी परतते ती तीच. दुसऱ्याच्या पाठीवर लादलेली अहिंसा ही कसली अहिंसा? गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्याची. तिच्याबरोबर देवच जात्यावर दळू लागला, असे येथील लोकमानस शतकानुशतके सांगत आले आहे. ज्यांचा देव बेथलेहेमात बालक होऊन आला, त्या आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ज्याने मांस सोडले त्याने तुरीच्या शेंगांची पाटी पुढे ओढावी, वांगी भाजावीत, पंगतीत स्वतः वाढावे आणि खरकटी ताटेही उचलावीत. मार्थेला बसायला पाट मिळेल, तेव्हाच तो नाताळ सगळ्या घराचा होईल.

बेथलेहेम या नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’ असा सांगतात. तेथे प्रभूला उतारशाळेत जागा मिळाली नाही. मिळाली ती गव्हाणीत, जेथे मुकी जनावरे चारा खातात. त्या गव्हाणीपुढे शाकाहारी आणि मांसाहारी दोघेही सारखेच पाहुणे आहेत. आपल्या घरून उठताना पाहुण्याचे पोट भरलेले असावे, आपल्याला कुणी कमी लेखले असे त्याला वाटू नये, आणि पुढच्या वर्षी यावेसे वाटावे. इतके साधले, तर ताटात काय नव्हते, याची आठवणही त्याला राहणार नाही.