डॅशबोर्डवरचे शब्दप्रमाण

1981 साली होंडा कंपनीने जपानमध्ये आपल्या अकॉर्ड आणि व्हिगर या गाड्यांसाठी ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. उपग्रहाच्या मदतीने रस्ता शोधणे तेव्हा सामान्य मोटारीच्या वाट्याला आलेले नव्हते. या यंत्रात हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप होता; गाडी किती वळली ते त्याला कळे. किती अंतर कापले ते चाकांच्या फेऱ्यांवरून समजे. छोट्या पडद्यावर नकाशाचे पारदर्शक पान बसवायचे, निघताना आपली जागा हाताने जुळवून द्यायची, आणि पुढे प्रकाशाचा एक ठिपका त्या पानावरून गाडीबरोबर सरकत राही. बाहेरचा रस्ता, डोंगर, दुकानाची पाटी यांतले काहीही यंत्राला दिसत नव्हते. तरीही ‘तुम्ही इथे आहात’ असे ते सांगत होते.

हे सांगण्याचा अधिकार त्याला कुठून मिळाला?

प्रश्न अभियंत्यांचा वाटतो, पण आपल्याकडच्या दर्शनकारांनी त्याच्यावर दीड हजार वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे. ज्ञान कोणत्या साधनाने होते, आणि झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे? न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. महाविद्यालयात अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ अभ्यासलेल्यांना ही यादी आजही पाठ असते. गाडीतल्या यंत्राची रचना पाहिली, तर हा जुना वाद तिथे धातूत आणि काचेत उतरलेला दिसतो. वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याची किंमत कधी कधी जिवाने चुकवावी लागते. म्हणूनच तो पुन्हा नीट समजून घ्यावासा वाटतो.

होंडाच्या यंत्राची सारी भिस्त अनुमानावर होती. मघाशी अमुक ठिकाणी होतो, नंतर इतके गेलो, इतके वळलो, म्हणून आता तमुक ठिकाणी आहे. अशा हिशेबाचा दोष हा, की त्यातली चूक साचत जाते. टायरमधली हवा थोडी कमी झाली तरी चाकाचा घेर बदलतो आणि प्रत्येक फेरीमागे फरक वाढतो. 1985 साली कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीने यावर एक देखणा उपाय काढला. तिच्या यंत्रात नकाशे कॅसेटवर साठवलेले असत. गाडीने वळण घेतले, की यंत्र नकाशात पाही: जवळपास असे वळण कुठे आहे? सापडले, की साचलेली चूक पुसून गाडीचे चिन्ह त्या चौकावर आणून ठेवी. पुढच्या जवळपास सगळ्या यंत्रांनी ही पद्धत उचलली.

या उपायामागे एक व्याप्ती गृहीत धरलेली आहे: जिथे जिथे गाडी चालते, तिथे तिथे रस्ता असतो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे म्हणताना ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती लागते, तशीच ही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, लगेच विचारले असते, की याला अपवाद कुठे आहे? अपवाद आहेत. वाहनतळाच्या मोकळ्या जागेत गाडी फिरते, तिथे रस्ता नाही. गेल्या महिन्यात खुला झालेला वळणमार्ग नकाशात नाही. अशा ठिकाणी यंत्र गाडीला ओढून शेजारच्या रस्त्यावर बसवते आणि ठामपणे चुकीचे बोलते. उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता एकावर एक असतात, तेव्हा ते एकाची निवड करते, आणि ती निवड बरोबर निघाली तरी तिला ज्ञान म्हणावे का, हा प्रश्न राहतोच. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याने नेमकी हीच अडचण मांडली होती. एकाला मृगजळ दिसले, तो पाणी समजून तिथे गेला, आणि योगायोगाने तिथल्या दगडाखाली खरेच पाणी निघाले. पाणी मिळाले, पण पाणी आहे हे त्याला ठाऊक होते का?

उपग्रह आले आणि शब्दप्रमाणाचा, म्हणजे विश्वासार्ह साक्षीचा, प्रवेश झाला. 1990 मध्ये माझ्दाच्या युनोस कॉस्मो या गाडीत जीपीएस कारखान्यातूनच बसवलेले होते. जीपीएसचा उपग्रह गाडीला पाहत नाही, गाडीकडे त्याचे लक्षही नसते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून तो सतत दोनच गोष्टी सांगत असतो: आत्ता किती वाजले, आणि मी कुठे आहे. ते ऐकायला गाडीला एका सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. त्या विलंबावरून अंतर निघते. तीन मिती आणि गाडीतल्या स्वस्त घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी काढायच्या असतात, म्हणून किमान चार साक्षीदार लागतात.

हे साक्षीदार विश्वासार्ह कसे ठरतात? वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे अशाची, जी लक्षणे सांगितली, ती इथे आश्चर्यकारक नेमकेपणाने लागू पडतात. आप्ताला विषयाचे साक्षात ज्ञान हवे, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा हवी. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखेच. उपग्रहाच्या ज्ञानाची पूर्वतयारी केवढी कसून केली आहे! सापेक्षता सिद्धान्तानुसार त्या उंचीवरचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जाते. ते तसेच सोडले, तर एका दिवसात अंतराच्या मापात दहा किलोमीटरहून जास्त चूक शिरेल. म्हणून उपग्रह सोडण्याआधीच त्याच्या घड्याळाची गती किंचित कमी ठेवतात. शिवाय प्रत्येक उपग्रह आपल्या संदेशात स्वतःच्या प्रकृतीचीही खूण पाठवतो. ती बिघडली असेल, तर गाडीतला ग्राहक त्याची साक्ष बाजूला ठेवतो. आपण या क्षणी विश्वासास पात्र नाही असे स्वतःहून कळवणारा साक्षीदार न्यायालयातही विरळाच भेटतो.

दुसरे लक्षण मात्र बरीच वर्षे अपुरे होते. अमेरिकेचे संरक्षण खाते सामान्य वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. साक्षीदाराला सत्य ठाऊक होते, ते जसेच्या तसे सांगण्याची इच्छा नव्हती. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने 2 मे 2000 रोजी ही भेसळ थांबली. त्याआधीचे दशकभर जपानी यंत्रे या अर्धसत्य बोलणाऱ्या साक्षीदारावर काम करत होती, आणि करू शकली याचे कारण त्यांनी त्याच्यावर पुरता विश्वास टाकला नाही. जायरोस्कोप काय म्हणतो, चाके काय म्हणतात, नकाशा काय म्हणतो, हे सगळे उपग्रहाच्या शब्दाशेजारी ठेवून त्यांनी तोलले. एका प्रमाणाने दुसऱ्याची झडती घ्यावी, ही शिस्त त्या अडचणीमुळे अधिक पक्की झाली.

आता राहिला नकाशा. तो एका चकतीवर असे, आणि या चकतीची गोष्ट सगळ्यांत विचार करायला लावणारी आहे.

फिलिप्स आणि सोनी यांनी संगीतासाठी घडवलेली सीडी ऑक्टोबर 1982 मध्ये जपानच्या बाजारात आली आणि दोनच वर्षांत गाडीच्या डॅशबोर्डपर्यंत पोचली. 780 नॅनोमीटरचा लेझर, आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट, वाटेच्या दोन फेऱ्यांमध्ये 1.6 मायक्रोमीटर अंतर, आणि वाटेवर लहानमोठ्या खाचा. दर सेकंदाला प्रत्येक बाजूच्या आवाजाची 44,100 मापे त्या खाचांतून वाचली जातात. गाडीत धूळ असते, ऊन असते, खड्डे असतात. चकतीवर ओरखडे उठणारच. म्हणून मापे ओळीने न लिहिता विखरून लिहितात आणि सोबत गणिती पडताळ्याचे आकडे ठेवतात. ओरखड्याने एका जागेची माहिती पुसली, तरी ती वेगवेगळ्या क्षणांची थोडी थोडी असते, आणि वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग घाव गणिताने तंतोतंत भरून निघतो. घाव त्याहून मोठा असेल, तर यंत्र अलीकडचे माप आणि पलीकडचे माप घेऊन मधले अंदाजाने भरते. ऐकणाऱ्याला ते कळत नाही. किशोरी आमोणकरांची तान ऐकताना त्यातला एखादा सूक्ष्म क्षण गायिकेने न गाता यंत्राने कल्पिलेला असू शकतो. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. तानेची सलगता राखण्यासाठी केलेला तो प्रामाणिक अंदाज आहे.

1987 मध्ये टोयोटाने क्राउन गाडीत याच प्रकारच्या चकतीवर रस्त्यांचा नकाशा दिला. प्लॅस्टिक तेच, खाचा त्याच, लेझर तोच. पण नकाशात अंदाज चालत नाही. संगीतातल्या दोन मापांची सरासरी तिसऱ्या मापाच्या जवळ जाते. दोन गल्ल्यांच्या क्रमांकांची सरासरी मात्र कोणत्याच गल्लीपर्यंत नेत नाही. म्हणून माहिती साठवणाऱ्या सीडीचे नियम वेगळे केले गेले. संगीताच्या चकतीवर एका खंडात 2352 बाइट आवाज मावतो. माहितीच्या चकतीवर त्याच खंडात फक्त 2048 बाइट माहिती ठेवतात, आणि उरलेल्यांतले बहुतेक बाइट चूक ओळखण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवतात. एवढे करूनही चूक सुटली नाही, तर यंत्र थांबते आणि चकती वाचता येत नाही असा संदेश देते. भर घालत नाही.

एकाच वस्तूवर अज्ञानाशी वागण्याच्या या दोन रीती आहेत. एक अज्ञान झाकते आणि तेच तिचे काम आहे. दुसरी अज्ञान उघड करते, आणि त्यासाठी आपल्या जागेचा आठवा भाग खर्ची घालते. न्यायदर्शनाने संशयाला आपल्या सोळा पदार्थांत स्थान दिले. संशय म्हणजे ज्ञानाचा अभाव एवढेच त्याला म्हणायचे नव्हते. संशय उपजल्याशिवाय परीक्षा सुरू होत नाही. माहितीच्या चकतीवरचे ते राखीव बाइट म्हणजे संशयासाठी काढून ठेवलेली जागा आहे.

पुढे पुष्कळ गाड्यांत नकाशा आणि गाणी यांच्यासाठी चकती घालायची एकच फट असे. काही यंत्रे ठरलेल्या मार्गालगतचा नकाशा स्मृतीत उतरवून घेत. मग चकती काढून गाण्यांची सीडी घालता येई. ताशीव नियमांनी वाचलेला नकाशा आणि अंदाजाने भरून निघणारे गाणे मग एकाच स्पीकरमधून बाहेर पडू लागले. ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्हींचा दर्जा सारखाच.

इथे माणसाचा प्रश्न सुरू होतो. कुमारिलभट्टांच्या मीमांसक परंपरेने स्वतःप्रामाण्य मानले: झालेले ज्ञान खरेच धरावे, बाधक काही पुढे आले तरच सोडावे. नैयायिकांनी परतःप्रामाण्य मानले: ज्ञानाचे खरेपण त्याच्या बाहेरून, म्हणजे त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की कळते. तहानलेल्याने पाणी पाहिले, तो गेला, प्यायला, तहान भागली. तेव्हा ज्ञान खरे ठरले. यंत्र आतून नैयायिकासारखे वागते, प्रत्येक वळणानंतर स्वतःला तपासते. चालक मात्र त्याचा आवाज मीमांसकाप्रमाणे ऐकतो. हजार वळणे बरोबर निघालेली असतात. एक हजार एकाव्याला शंका घ्यावी असे त्या आवाजात काहीच नसते.

जानेवारी 2021 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ, रात्रीच्या अंधारात एक गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्यांनी फोनवरच्या नकाशाचा आधार घेतला होता. नकाशातला पूल खरोखर होता. पण धरणाच्या साठ्याने तो पाण्याखाली गेलेला होता, आणि हे आसपासच्या माणसांना ठाऊक होते. गाडी चालवणाऱ्याचा मृत्यू झाला. नकाशा खोटे बोलला नाही. त्याला एवढेच ठाऊक नव्हते, की आपले ज्ञान केव्हाचे आहे हेही सांगावे लागते.

नैयायिकांच्या मतातली कमकुवत जागाही इथेच उघडी पडते. कृतीनंतर पडताळा मिळतो. पण कृतीच अखेरची ठरली तर? नवव्या शतकातल्या काश्मिरी जयंतभट्टाने ‘न्यायमंजरी’त याचा विचार केला आहे. रोजच्या दृष्ट व्यवहारात माणूस संशय असतानाही पाऊल उचलतो आणि त्यात बिघडत नाही, असे तो मानतो. ज्याचे फळ दिसत नाही आणि ज्यासाठी मोठा खर्च करायचा आहे, अशा यज्ञयागांत मात्र आधी निश्चय हवा, आणि तो सांगणाऱ्याच्या आप्तत्वावरून करावा. रस्ता हा आपण दृष्ट व्यवहार समजतो. भर दुपारी ओळखीच्या शहरात तो तसा असतोही. अनोळखी घाटात, मध्यरात्री, दिव्यांच्या टप्प्यापलीकडे काय आहे हे दिसत नसताना, तो जयंतभट्टाच्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तिथे आधी विचारायला हवे, की हा शब्द कोणाचा, त्याने पाहिले केव्हा? कोतूळच्या चहाच्या टपरीवरचा माणूस त्या पुलापुरता उपग्रहापेक्षा मोठा आप्त होता. त्याने पाणी डोळ्यांनी पाहिले होते.

विमानांच्या बाबतीत हा विचार यंत्रात उतरलेला आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही प्रणाली जीपीएसची चूक सुधारते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे संकेत भरवशाचा उरला नाही तर काही सेकंदांत वैमानिकाला तसे कळवते. विश्वास ठेवू नका, हे सांगणे त्या प्रणालीच्या कामाचाच भाग आहे. मोटारीत याची सुरुवात डोळ्यांपुरती झाली आहे: फोनवरच्या नकाशात ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसते, ते जितके मोठे तितकी जागेची शंका मोठी. पण ती शंका जागेची; रस्ता आज कसा आहे, याची नव्हे. शिवाय गाडी चालवणारा वर्तुळ पाहत नाही, तो आवाज ऐकतो. त्या आवाजाला ‘पुढच्या पुलाची माहिती दोन वर्षांपूर्वीची आहे, कोणाला तरी विचारून घ्या’ असे म्हणता यायला हवे. नोंद कधीची आहे, हे साठवून ठेवायला मोजके बाइट पुरतात, आणि चकतीच्या काळातल्या अभियंत्यांनी दर खंडामागे त्याहून कितीतरी जास्त बाइट शंकेसाठी राखून ठेवले होते.