सारथ्याविना धावणारी गाडी

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एक भेद आमच्या मनावर पक्का बिंबवला गेला होता. माणसाच्या हातून नकळत घडणारी क्रिया निराळी आणि त्याने समजून-उमजून, स्वेच्छेने केलेली कृती निराळी. पापपुण्याचा हिशेब दुसरीचाच मांडायचा. संत थॉमस अक्वायनस यांचा हा भेद इतकी वर्षे आम्हांला पुरला. एका अपघाताचा तपशील वाचताना मात्र आम्ही अडखळलो.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरी, एक ४९ वर्षांची स्त्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची, चाचणीसाठी आपली आपण धावणारी गाडी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आली आणि ती स्त्री मरण पावली. पुढे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. गाडीच्या यंत्रणेला समोर काहीतरी आहे हे धडकेच्या ५.६ सेकंद आधीच कळले होते, असे त्यात आढळले. परंतु ते काय आहे हे तिला ठरवता येईना. कधी वाहन, कधी अज्ञात वस्तू, कधी सायकल! आणि दर वेळी नवे नाव देताना आधीची वाटचाल ती विसरून जाई. त्यामुळे ही आकृती आपल्या वाटेत येत आहे, हे तिला वेळेत उमगलेच नाही. पादचारी ठरवून दिलेली जागा सोडूनही रस्ता ओलांडतात, ही गोष्ट त्या प्रणालीत धरलेलीच नव्हती. मूळ कारखान्याने बसवलेली आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीच्या वेळी बंद असे. गाडीत पूर्वी देखरेखीला दोन माणसे बसत. कंपनीने एकावर भागवले होते. त्या एकाची नजर मोबाइलकडे होती.

यांत अपराधी कोण? प्रणाली लिहिणाऱ्याने कोणाला मारण्याचे मनात आणले नव्हते. दुसरा माणूस कमी करणाऱ्या अधिकाऱ्याने एक प्रशासकीय निर्णय घेतला होता. ॲरिझोना राज्याने उद्योग यावेत म्हणून २०१५ पासून या गाड्यांना रस्ते मोकळे करून दिले होते. ती स्त्रीही ठरलेल्या जागी रस्ता ओलांडीत नव्हती. २०१९ साली सरकारी वकिलाने कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही असे ठरवले. २०२३ मध्ये आसनावर बसलेल्या व्यक्तीने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. एवढ्या मोठ्या साखळीतून 'माझे चुकले' हे शब्द न्यायालयात उच्चारणारी ती एकटीच.

तत्त्वज्ञांना या विषयात भलताच प्रश्न आवडतो. गाडीने पाचांना चिरडावे की वळून एकाला? फिलिपा फूट या विदुषीने १९६७ साली हे कोडे आमच्याच परंपरेतील दुहेरी परिणामाच्या सिद्धांताची चर्चा करताना मांडले होते. आता त्यावर जगभरच्या लोकांची मते गोळा झाली आहेत. आम्हांला हे कोडे जरा करमणुकीचे वाटते. टेम्पीला निवड करण्याची वेळच आली नाही. समोर माणूस आहे हेच कोणाला दिसले नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद मात्र करमणुकीचा नाही. भारतात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्या गाड्या माणसेच हाकत होती. यंत्र झोपत नाही, दारू पीत नाही. उद्या त्याने यांतले निम्मे जीव वाचवले तर त्याला विरोध करणे हेच पाप ठरेल, हे आम्ही मान्य करतो. व्होल्वो कंपनीच्या प्रमुखांनी तर २०१५ सालीच सांगितले होते की, आमची गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर दायित्व आमचे. हे स्वागतार्हच. तरीही दायित्व म्हणजे भरपाई. भरपाई देणाऱ्याला रात्री झोप लागली नाही, असे सहसा होत नाही.

पापनिवेदनात ऐकलेले सांगता येत नाही. पण आमच्या ओसरीवर बसून जे बोलले जाते ते, नावगाव वगळून, सांगण्यास हरकत नसावी. एका टेम्पोचालकाच्या गाडीखाली शाळकरी मुलगा गेला होता. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तो आम्हांला म्हणाला, "फादर, कोर्टानं सोडलं. पण त्या वेळी माझी नजर रस्त्यावर नव्हती, हे मला ठाऊक आहे ना." विमा कंपनीने पैसे केव्हाच चुकते केले होते. हा माणूस मात्र दर वर्षी त्या तारखेला मुलाच्या घरी जातो. पहिल्या दोन वर्षी दार उघडले गेले नाही. तिसऱ्या वर्षी मुलाच्या आईने त्याला पाणी दिले.

टेम्पीसारख्या प्रसंगी त्या दारात कोण जाणार?

आमच्या धर्मग्रामातील दोन-तीन तरुण पुण्यात मोटारींसाठी संगणकप्रणाली लिहितात. हुशार, कष्टाळू मुले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला कामाचा एक लहानसा तुकडा येतो आणि अखंड गाडी त्यांतल्या कोणी पाहिलेली नसते. त्यांच्यापैकी एखादा उद्या येऊन म्हणाला की, अमुक ठिकाणी माणूस मेला आणि त्यातली चार ओळींची प्रणाली माझी होती, तर त्याचा वाटा किती हे मोजण्याचे माप आमच्यापाशी नाही. मात्र 'तुझा काही संबंध नाही, जा घरी' असे सांगून त्याला परत धाडणे आम्हांला जमणार नाही.