सत्राअखेरचे सत्य

दिवाळीच्या आगेमागे महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, खाणावळींत आणि शहरोशहरी गल्लीबोळांत निघालेल्या अभ्यासिकांत एक निराळेच वातावरण पसरते. वर्षाकाठी एकदा परीक्षा देण्याचा जुना शिरस्ता जाऊन सत्रपद्धती रूढ झाल्यापासून हा प्रसंग वर्षातून दोनदा येऊ लागला आहे. आणि अंतर्गत चाचण्या, जर्नलांवरील सह्या, प्रकल्पांची सबमिशने, तोंडी परीक्षा व मागील सत्रातून ओढत आणलेली केटी या सर्वांचा एकाच पंधरवड्यात असा तगादा लागतो की, उत्तम बुद्धीच्या विद्यार्थ्याचीही झोप, भूक आणि चित्ताची स्वस्थता यांवर जणू जप्ती येते.

या अवस्थेवर वडीलधाऱ्यांकडून सांगितले जाणारे उपाय बहुधा दोन टोकांचे असतात. कोणी म्हणतो, आमच्या वेळी याहून अधिक कष्ट होते. कोणी म्हणतो, एवढे मनावर घेऊ नकोस. पहिल्या उद्गारात सहानुभूती नाही आणि दुसऱ्यात वस्तुस्थितीचे भान नाही. कारण ज्याची शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहातील जागा गुणांवर अवलंबून आहे, त्याने परीक्षा मनावर घेऊ नये असे सांगणे अप्रस्तुतच होय. मला असे निश्चितपणे वाटते की, या दिवसांत विद्यार्थ्याला जे पिळून काढते, ते अभ्यासाचे ओझे तितकेसे नसून, ते ओझे किती आहे हे स्वतःपासून आणि आपल्या माणसांपासून लपवून ठेवण्याचे श्रम होत. आणि म्हणूनच हा प्रश्न जितका आरोग्याचा, तितकाच नीतीचाही आहे.

या लपवालपवीचा आरंभ स्वतःपासून होतो. ज्या विषयाची धास्ती अधिक, त्याचेच पुस्तक उघडले जात नाही. सोप्या विषयाची टिपणे पुन्हा एकदा सुवाच्य अक्षरात उतरविली जातात, वेळापत्रकावर रंगीत रेघा ओढल्या जातात, आणि दिवस श्रमात गेला असे समाधान मानून घेतले जाते. व्यापारी ज्याप्रमाणे वर्षअखेरीस वही समोर घेऊन येणे किती, देणे किती आणि बुडीत किती हे मांडतो, त्याप्रमाणे अभ्यासक्रमाचा कागद पुढे ठेवून कोणते प्रकरण झाले, कोणते अर्धवट आहे आणि कोणते आता होणे नाही, हे एकदा निर्भीडपणे लिहून काढावे. जे होणे नाही ते सोडून देण्याचा निर्णय कष्टदायक खरा. परंतु तो घेतल्यावाचून जे होण्याजोगे आहे त्याला वेळ मिळत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक ग्रंथात दाखवून दिले की, एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा तीच आवर्तने अनेक दिवसांत विभागली असता कमी श्रमात पाठांतर होते. आपल्या वेदपाठशाळांत रोज नवी संथा घेऊन जुनीची आवृत्ती करण्याचा जो परिपाठ आहे, त्याचेही मर्म हेच. वाचलेले दृढ होण्याचे कार्य बऱ्याच अंशी निद्रेत घडते. म्हणून पेपराच्या आदल्या दिवशी ‘नाइट मारणारा’ विद्यार्थी जे मिळविण्यासाठी जागतो, त्याचाच काही भाग जागरणाने गमावून बसतो.

दुसऱ्याचे जर्नल रातोरात उतरवून त्यावर आपले नाव घालणे, हा या दिवसांतील सर्रास शिष्टाचार होऊन बसला आहे. त्याने मुदत पाळली जाते. परंतु न केलेल्या प्रयोगाची नोंद केलेली म्हणून दाखविल्यावर तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर बसताना जी धडधड होते, ती अज्ञानाची नसते, असत्य उघडे पडण्याची असते. ‘हा प्रयोग माझा राहिला, करावयास अवधी मिळेल काय,’ असे शिक्षकांना विचारण्यात कमीपणा वाटतो खरा, परंतु ती धडधड त्याहून अधिक काळ पुरते.

हिशेब मांडताना आपल्या हातचे किती आणि दुसऱ्याच्या हातचे किती, हेही वेगळे करावयास हवे. धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात परीक्षेस बसण्यासाठी कोकणातील मुरुडहून सुमारे ११० मैल चालत, घाट चढून साताऱ्यास गेले. आणि तेथे, वय कमी दिसते या कारणावरून त्यांना परीक्षेसच बसू दिले नाही. त्यांच्या तयारीत उणीव नव्हती, कष्टांत तर नव्हतीच. उणीव काढली गेली ती चेहऱ्यात. पुढे १८८४ साली ते बी. ए. झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु पुढील यशाने साताऱ्याचा दिवस सुसह्य ठरतो असे मला म्हणावयाचे नाही. एखादे फर्मान अन्याय्य असू शकते, प्रश्नपत्रिका अवघड निघू शकते, परीक्षक कठोर असू शकतो. या गोष्टींचा जाब विद्यार्थ्याने स्वतःला विचारू नये. त्याने उत्तर द्यावयाचे ते आपल्या श्रमांचे, आणि ते मात्र खरे द्यावयाचे.

सर्वांत कठीण सत्य घरी सांगावयाचे असते. बीड किंवा यवतमाळकडच्या एखाद्या खेड्यातून पुण्यास आलेल्या मुलीला रात्री वडिलांचा फोन येतो. सोयाबीनला भाव मिळाला नाही हे ते सांगत नाहीत, आणि एका विषयात आपली धडगत नाही हे ती सांगत नाही. ‘अभ्यास कसा चाललाय, बाळा?’ ‘चांगला चाललाय, बाबा.’ दोघेही प्रेमापोटीच बोलतात. आणि तरीही फोन ठेवल्यावर दोघेही अधिक एकटे होतात. निकालाच्या दिवशी एकदम कोसळणाऱ्या वार्तेपेक्षा आज सांगितलेली अडचण वडिलांना सोसणे सोपे जाते, कारण तिच्यात अजून काही करण्याची वाट उघडी असते.

मात्र हे सत्य बोलले जावे अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. ज्या घरात गुणपत्रिका शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेशी रुजवात घालून वाचली जाते, त्या घराला सत्य ऐकावयास मिळत नाही. आणि तो दोष केवळ मुलाचा नसतो. विद्यार्थ्याचा भार एकट्याने वाहण्याजोगा नाही, हे आपल्या समाजास पूर्वी ठाऊक होते. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुण्यात तर गरीब विद्यार्थी वार लावून घरोघर जेवत. त्या जेवणात जातीचे भेद होते आणि कित्येकदा अवहेलनाही होती, हे विसरता येत नाही. परंतु शिकणाऱ्याची विचारपूस करणे हे आपले कर्तव्य आहे, हा जो संस्कार या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी होता, तो आज अभ्यासिकेच्या मासिक भाड्यात मिळत नाही. तो प्राध्यापकांनी, वसतिगृहाच्या रेक्टरांनी, शेजारच्या खाटेवरील मित्राने पुन्हा अंगी बाणविला पाहिजे.

आणि ज्याचे मन निराशेच्या इतके अधीन झाले असेल की, जगणेच नकोसे वाटावे, त्याने तर क्षणाचाही विलंब न लावता जवळच्या माणसाशी बोलावे, अथवा शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. कोणत्याही वेळी तेथे ऐकून घेणारा मनुष्य असतो. नापास झालेल्या विषयाला पुढील सत्रात पुन्हा बसता येते, आणि तशी तरतूद विद्यापीठाच्या नियमांतच आहे. तेव्हा, विद्यार्थिमित्रांनो, आजच आपल्या अभ्यासाचा खरा हिशेब एका कागदावर मांडा, आणि तो निदान एका विश्वासाच्या माणसाला दाखवा. उद्याचा अभ्यास तेथूनच सुरू होईल.