रसिकतेची हद्द

छंद, शौक, चैन, नाद, व्यसन अशी सुखाची एक उतरती भाजणी आपल्या भाषेत आहे. यातला 'व्यसन' हा शब्द संस्कृतातून आला आणि तिथे त्याचा एक अर्थ संकट असाही आहे. परंतु कोणाच्या सुखाला यातला कोणता शब्द लावायचा, हे आपण बहुधा माणसाचे कपडे पाहून ठरवतो. बांधावर बसून विडी ओढणारा गडी व्यसनी ठरतो, चामड्याच्या खुर्चीत सिगार ओढणारे साहेब शौकीन ठरतात. पान दोघांचेही तंबाखूचेच. मग फरक कशात? निपाणी भागात तीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याकडे लंडनला गेलो होतो. त्याने मोठ्या हौसेने मला सेंट जेम्स स्ट्रीटवरील जे. जे. फॉक्स या सिगारच्या दुकानात नेले. आपला धंदा १७८७ पासूनचा असल्याचे हे दुकान सांगते. चर्चिल इथले गिऱ्हाईक होते, ऑस्कर वाइल्डही होता. २००७ साली इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई झाली, तेव्हा अशा खास दुकानांना, गिऱ्हाइकाला माल चाखून पाहता यावा म्हणून, कायद्याने सूट ठेवली. सुवासिक लाकडाच्या पेट्या, हवेत बेताचा राखलेला दमटपणा आणि काउंटरमागे एक वयस्क गृहस्थ. क्यूबाच्या पिनार देल रियो प्रांतातली माती, आतले भरण, ते बांधून ठेवणारे पान, वरचे वेष्टन आणि त्या वेष्टनासाठी कापडाच्या सावलीत वाढवलेली झाडे, हे सारे त्यांनी गवयाने राग उलगडावा तसे सांगितले. घाई नाही, आग्रह नाही. भाच्याने एक सिगार घेतली आणि तासभर चवीने ओढली. 'मामा, एक घ्या की!' म्हणाला. मी हातात घेऊन वास घेतला आणि परत दिली. वास सुरेख होता, खोटे कशाला बोलू?

पण त्याच वासाने मला आमची वखार आठवली. तिथे तंबाखू चाळताना जो खकाणा उठतो, त्याने रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. आत बायका तोंडाला पदर बांधून दिवस काढतात. विडी वळणारीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी रास्त भावासाठी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात काहींनी प्राण गमावले. आमच्याकडे तंबाखूचे दर्दी थोडे. पण तिची किंमत ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही.

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आहेत. पहिले असे, की माझे शरीर, माझा पैसा, दुसऱ्याला काय त्याचे? पण ओठांपर्यंत येण्याआधी ते पान किती हातांतून आलेले असते, आणि धूर शेजाऱ्याच्या छातीत जायचा थांबत नाही. दुसरे उत्तर, विष ते विषच. शरीरापुरते हे खरे आहे. जगात तंबाखूने दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात आणि घशाचा कर्करोग सिगार महाग होती की स्वस्त हे विचारीत नाही. तरी या उत्तरात एक सोयीची पळवाट आहे. मी ओढत नाही, म्हणजे मी सुटलो! आमच्या शाळेच्या फाटकावर १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई असल्याचा फलक आहे, आणि आत बाकांच्या पाठीवर वखारवाल्या देणगीदारांची नावे आहेत. सिगार पेटवली नाही म्हणून मी धुतल्या तांदळासारखा होत नाही.

क्यूबाच्या सिगार कारखान्यांत १८६५ साली एक विलक्षण प्रथा सुरू झाली. कामगार पाने वळीत बसलेले असताना एक वाचक उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' त्यांना इतकी आवडे, की पुढे एका प्रसिद्ध सिगारला तेच नाव मिळाले. हात गुंतलेले, पण कान आणि मन मोकळे! शिक्षक म्हणून मला हे फार मोठे वाटते. त्या दुकानातल्या जाणकाराने माती सांगितली, पान सांगितले. वळणाऱ्या हातांविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. त्याची रसिकता पानापाशी येऊन थांबली.

रसिकता म्हणजे बारकाईने लक्ष देणे. ते सोयीच्या जागी थांबले, की उरते ती चैन. म्हणून सुखाची कसोटी मला इतकीच दिसते: ते कोणाच्या हातून आले आणि कोणाच्या देहावर बेतले, हे सगळे जाणूनही ते सुख उरते का? दिवाळीच्या रेशमी साडीला ही कसोटी लावा. विणकराला दाम नीट मिळाला असेल, तर साडी अधिकच सुंदर दिसेल. तंबाखूला लावली, तर माझ्या मते राखेपलीकडे फारसे उरत नाही.

हे विचार मी गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात मांडले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग माझ्या आईनं विड्या वळायचं सोडायचं का?" वर्ग चिडीचूप. मी तिला म्हटले, "बाळ, आईच्या हाताला दुसरे काम मिळत नाही, तोवर हा प्रश्न तिला विचारायचा नाही. ओढणाऱ्याला विचारायचा. आणि तू बसली आहेस त्या बाकाची देणगी घेणाऱ्याला, म्हणजे मलाही."