खरा अभिजात कोण?

मनुष्याची ओळख होताच पहिला प्रश्न निघतो तो घराण्याचा. सोयरीक जुळविताना तर कुळाची चौकशी कित्येक पिढ्या मागे जाते. शीलाची चौकशी मात्र उंबरठ्याशीच थांबते. कुलीनता जन्माने येते की आचरणाने, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक गृहस्थाचा आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात त्याचा निवाडा दोन शब्दांत सापडतो. अभय, दान, दया, क्षमा इत्यादी गुण सांगून भगवंतांनी ‘अभिजात’ हा शब्द दैवी संपत्ती घेऊन जन्मलेल्या पुरुषास लावला आहे. आणि त्या गुणमालिकेचा शेवट निरभिमानतेने केला आहे. उलट ‘अभिजनवान’, म्हणजे थोर कुळातला, हा शब्द येतो तो आसुरी मनुष्याच्या आत्मप्रौढीत, धनाच्या गर्वाशेजारी.

मग थोर कुळ व्यर्थच काय? तसे नव्हे. बंगळूरची चामराजपेट १८९२ साली वसली. तिला म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव आहे. त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच, १८८१ साली, त्या संस्थानात प्रजाप्रतिनिधींची सभा भरली. राजवंशात जन्म मिळणे हे दैवाधीन. परंतु त्या सिंहासनापुढे प्रजेचे गाऱ्हाणे ऐकले जाणे, ही त्या पदाची खरी शोभा होय.

याच पेठेत कन्नड साहित्य परिषद आहे. तिचे एके काळचे उपाध्यक्ष डी. व्ही. गुंडप्पा मॅट्रिकही उत्तीर्ण नव्हते. तथापि गीतेवरील त्यांच्या ग्रंथास १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९७० साली सत्कारात मिळालेला सर्व निधी त्यांनी आपल्या संस्थेस अर्पण केला. जवळच बसवनगुडीत असलेली, १९४५ साली स्थापिलेली ही संस्था कोणा राजाच्या नव्हे, तर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे गरीब घरात जन्मलेल्या गोखल्यांनी १९१४ साली देऊ केलेली ‘सर’ ही पदवी नाकारली होती. पदवी नाकारणाऱ्याचे नाव परप्रांतातील एका सत्पुरुषाने आदराने धारण करावे, याहून मोठा मान कोणता?

सारांश, कुळ हे पूर्वजांचे ऋण आहे आणि सदाचार ही त्याची फेड. ऋणाचाच गर्व वाहणारा फेडीचे विस्मरण करतो. यास्तव सुज्ञ गृहस्थाने मुलांना पूर्वजांची नावे अवश्य सांगावीत. परंतु त्यांच्या नावास शोभेल असे आज आपल्या हातून काय घडले, हेही रोज सायंकाळी देवापुढे बसून स्वतःस विचारावे.