बाकीचे चेंडू

न्हावा शेव्याच्या खाडीकाठी एक गाव होतं. समोर घारापुरीचं बेट दिसे. एके काळी गावात भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीत जाळी पडत. मग बंदरासाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या मागे उरणचे शेतकरी उभे राहिले. पाच जणांनी जीव गमावला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमिनीचा हक्क मिळाला. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, आणि ज्यांच्या बापांनी मीठ ओढलं ती पोरं कंटेनर ओढू लागली.

त्या गावात एक कंत्राटदार होता. त्याचे पाच ट्रेलर बंदरात चालत. गावाच्या क्रिकेट संघाचा सगळा खर्च तो करी. टेनिस चेंडूचे सामने या पट्ट्यात किती जीव लावून खेळतात ते उरण-पनवेलच्या माणसाला सांगायला नको. थंडीत एक मोठी स्पर्धा भरे. कंत्राटदाराचा संघ लागोपाठ तीन वर्षं अंतिम सामन्यात हरला होता. त्याला ते फार लागलं होतं.

एके दिवशी एक दलाल आला. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्रापलीकडच्या देशातला एक पोरगा होता, अठरा वर्षांचा, उंच, लांब हातांचा. तो धावत येई आणि दांडी उडे. पुन्हा धावत येई आणि पुन्हा दांडी उडे.

"हा अजून कुणी पाहिलेला नाही," दलाल म्हणाला. "उद्या सगळे मागतील."

शेजारच्या गावच्या संघाचा मालक खडीचा व्यापारी होता. दलालाने तोच व्हिडिओ त्यालाही दाखवला होता. रात्री दोघांचे फोन सुरू झाले. याने आकडा सांगितला की त्याने वाढवायचा, त्याने वाढवला की याने. पहाटेपर्यंत किंमत तिप्पट झाली. पोरगा मात्र संध्याकाळी होता तेवढाच होता. त्याच्याविषयी एकही नवी गोष्ट त्या रात्रीत कुणाला कळली नव्हती.

शेवटी खडीवाला थांबला. कंत्राटदाराने एक ट्रेलर विकला आणि पैसे भरले.

गावच्या मैदानाला लागून खाजण होतं. तिथे एक म्हातारा बसे. त्याचा जन्म मिठागरात गेला होता. आता तो खाजणात गेलेले चेंडू काढून परत टाकी. त्यामुळे मैदानावर पडलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू त्याने पाहिलेला होता. कंत्राटदाराने त्यालाही व्हिडिओ दाखवला.

म्हाताऱ्याने तो नीट पाहिला. मग विचारलं, "बाला, यात चेंडू किती?"

"असतील वीस-बावीस."

"पोरगा खेळतोय किती वर्षं?"

"सात-आठ वर्षं."

"मग बाकीचे चेंडू कुठं गेले?"

कंत्राटदार हसला. "बाबा, चांगले तेच दाखवतात."

"तेच म्हणतो मी," म्हातारा म्हणाला, आणि खाजणात उतरला.

त्याच गावात आणखी एक पोरगा होता. तो यार्डात रिकामे कंटेनर धुई. संध्याकाळी, खाडीवरून वारा सुटला की, मैदानावर येई आणि अंधार पडेपर्यंत गोलंदाजी करी. कंत्राटदार त्याला लहानपणापासून ओळखत होता. म्हणूनच त्याचे सगळे दोष त्याला पाठ होते. हा वाईड फार टाकतो. षटकार बसला की तोंड पाडतो. मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात याने फुलटॉस टाकला होता. संघात तो बारावा होता, पाणी द्यायला.

लिलाव हरलेल्या खडीवाल्याकडे पैसे तसेच पडून होते आणि संघात गोलंदाज नव्हता. तो काही फार शहाणा होता म्हणून नव्हे, दुसरा उपाय नव्हता म्हणून, त्याने आपल्या मामाला आसपासच्या गावांत पाठवलं. मामा गावोगाव हिंडला. या गावच्या मैदानाच्या कडेला तो पूर्ण महिनाभर रोज संध्याकाळी येऊन बसला, म्हाताऱ्याशेजारी. महिना झाल्यावर त्याने कंत्राटदाराकडे कंटेनर धुणारा पोरगा मागितला.

"घेऊन जा," कंत्राटदार म्हणाला. "माझा वाघ येतोय."

गोष्ट इथे थोडी थांबवतो, कारण ही एकट्या या गावाची नाही. मोठ्या शहरांत मोठी माणसं हेच करतात. २०१३ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने ग्लेन मॅक्सवेल नावाच्या चोवीस वर्षांच्या ऑस्ट्रेलियन खेळाडूसाठी दहा लाख डॉलर मोजले. त्या वर्षीची ती सगळ्यात मोठी बोली होती. तो त्या मोसमात तीन सामने खेळला. त्याच मोसमात त्याच संघातून जसप्रीत बुमराह नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा उतरला. तो लिलावात आलाच नव्हता. संघाचे प्रशिक्षक जॉन राइट यांनी त्याला गुजरातकडून खेळताना स्वतः पाहिलं होतं. आणि मॅक्सवेल वाईट होता असंही नाही. पुढच्याच वर्षी पंजाबकडून त्याने ५५२ धावा केल्या.

अमेरिकेत बेसबॉलचे संघ तर याहून पुढे जातात. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने २०१४ मध्ये क्युबाच्या रुस्नेय कास्तियोशी सात वर्षांसाठी सव्वासात कोटी डॉलरचा करार केला. तिथल्या मोठ्या लीगमध्ये तोवर तो एकही सामना खेळलेला नव्हता. पुढेही तिथे त्याचे सगळे मिळून ९९ सामनेच झाले. करारातली बरीचशी वर्षं त्याने दुय्यम संघात काढली. मला अशा खेळाडूंचं फार वाईट वाटतं. किंमत दुसऱ्याने लावलेली असते आणि ओझं त्यांनी वाहायचं असतं.

तर परदेशातला पोरगा आला. विमानतळावर ढोल वाजले. गावात त्याचा मोठा फलक लागला. पोरगा गुणी होता. मोठ्या माणसांना वाकून नमस्कार करी, वाढलेलं सगळं खाई, आणि रात्री गच्चीवर जाऊन आईला फोन करी.

पहिल्या सामन्यात तो धावत आला आणि त्याने चेंडू टाकला. चेंडू वाऱ्याने उचलला आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला. दुसरा चेंडू पायामागून गेला. तो लेदरच्या चेंडूवर वाढला होता. टेनिसचा चेंडू हलका. त्यात दुपारनंतर खाडीवरून वारा येतो, तो दर घटकेला दिशा बदलतो. मैदान भरावाच्या मातीचं, कुठे टणक, कुठे भुसभुशीत. यातलं काही त्या व्हिडिओत नव्हतं. त्याने दोन षटकांत सदतीस धावा दिल्या.

लोक हसले. दुसऱ्या सामन्यात लोक ओरडले. तिसऱ्या सामन्यानंतर कुणीतरी त्याचा फलक फाडला.

कंत्राटदाराने दलालाला गाठलं. "तू मला फसवलंस."

दलाल शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही बंदरातली माणसं. सीलबंद पेटी येते तेव्हा जहाजवाला कागदावर काय लिहितो? पाठवणाऱ्याने सांगितलं तेच. २०१६ पासून पेटीचं वजन तपासून मगच ती जहाजावर चढवतात, पण आत काय आहे ते जहाजवाला उघडून बघत नाही. मीही मला सांगितलं तेच सांगितलं. उघडून बघायला तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

कंत्राटदाराला उत्तर सुचलं नाही.

तरीही बाकीच्या दहा जणांच्या जिवावर संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर खडीवाल्याचा संघ होता. शेवटच्या षटकात कंत्राटदाराच्या संघाला नऊ धावा हव्या होत्या. चेंडू हातात घेऊन कंटेनर धुणारा पोरगा आला.

त्याने आधी वारा पाहिला. मग पहिला चेंडू वाऱ्याविरुद्ध टाकला. तो वाईड गेला. गावकऱ्यांना ओळखीचा आनंद झाला. दुसरा चेंडू त्याने वाऱ्यावर सोडला. फलंदाजाला वाटला बाहेर जाणारा, आला दांडीवर. पुढच्या पाच चेंडूंवर मिळून तीन धावा निघाल्या.

चषक शेजारच्या गावाला गेला.

त्या रात्री कंत्राटदाराने परदेशी पोराला सामान बांधायला सांगितलं. पोरगा पिशवी घेऊन ओट्यावर बसला. म्हातारा आला, त्याला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला, आणि सुनेला म्हणाला, "याला जेवायला वाढ." दुसऱ्या दिवसापासून त्याने त्या पोराला खाजणाच्या कडेला बसवलं आणि बोटाने वारा दाखवायला लागला. शेजारच्या गावाहून कंटेनर धुणारा पोरगाही येई. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चेंडू कसा धरायचा ते हातानेच दाखवता येतं. दोन महिन्यांनी परदेशी पोराचा चेंडू वाऱ्यात सरळ पडायला लागला. तेव्हा स्पर्धा कधीच संपली होती, आणि त्याच्या परतीच्या तिकिटाचा दिवस जवळ आला होता.

एका संध्याकाळी कंत्राटदार मैदानावर आला. त्याने त्या पोराचे सहा चेंडू पाहिले. सहाही सरळ होते. तो म्हाताऱ्याजवळ बसला.

"बाबा, म्हणजे पोरगा खोटा नव्हता."

"नाय."

"आणि आपला पोरगाही वाईट नव्हता."

"नाय."

"मग माझं चुकलं कुठं?"

म्हातारा म्हणाला, "घरच्या पोराचे दोष तुला रोज दिसायचे, म्हणून तो तुला स्वस्त वाटला. लांबच्याचे दिसले नाहीत, म्हणून तो महाग वाटला. पाहिल्याशिवाय माणसाची किंमत करू नये."

पुढच्या आठवड्यात दलालाचा फोन आला. नवा पोरगा होता, दुसऱ्या देशातला, पहिल्यापेक्षाही उंच. त्याने व्हिडिओ पाठवला होता.

"चांगला आहे," कंत्राटदार म्हणाला. "याने या वर्षी टाकलेले सगळे चेंडू पाठव."

"सगळे? सगळे कोण ठेवतं शेठ?"

"मग मीच येतो. महिनाभर राहतो तिथे. बघतो."

दलाल म्हणाला, कळवतो. त्याने कळवलं नाही.

कंत्राटदाराने परदेशी पोराला ठरलेले सगळे पैसे दिले आणि स्वतः गाडीने विमानतळावर सोडलं. परतताना वाटेत उरणच्या बाजारात त्याने एक जाड वही घेतली. गावातल्या शाळेतला एक पोरगा गणितात हुशार होता, त्याला महिन्याचा पगार ठरवून मैदानावर बसवलं. गावातली पोरं जो जो चेंडू टाकतील तो वहीत लिहायचा, कुणी टाकला, कुठे पडला, वारा कुठला होता. वाईड गेलेला चेंडूही लिहायचाच, ही अट त्याने स्वतः घातली.